मार आमचा, खेळ त्यांचा

ह्या देशात मार खाणारा एक असतो. मारणारे पाच-दहा असतात. आणि बघणारं अख्खं गाव असतं. मार खाणाऱ्याचं नाव पंचनाम्यात येतं. मारणाऱ्यांची नावं कधी येतात, कधी पाटलाच्या एका फोनवर गळतात. बघणाऱ्याला मात्र कुणी नावच विचारत नाही. तो आपला पिंक टाकत घरी जातो, भाकरी खातो आणि रात्री शेजाऱ्याला सगळं रंगवून सांगतो. हा जो बघ्या आहे, त्याच्याबद्दल बोलायचंय. कारण आज सगळा धंदा ह्या बघ्यावर उभा आहे. सिनेमा, टीव्ही, मोबाईल, सगळे त्याच्या खिशावर आणि त्याच्या डोळ्यांवर जगतात.

पांढरपेशांना हल्ली एक काळजी लागून राहिलीय. पडद्यावर हिंसाचार फार वाढला, मुलं बिघडताहेत, संस्कृती रसातळाला चाललीय. त्यावर चर्चासत्रं भरतात, रविवारच्या पुरवण्यांत लेख येतात, मानसोपचारतज्ज्ञ सल्ले देतात. चांगलंय. पण ही काळजी जरा कान देऊन ऐका. हिंसा दिवाणखान्यात आली, एवढीच तिच्यातली तक्रार आहे. ती गावकुसाबाहेर होती तोवर ह्यांच्या संस्कृतीचा केसही वाकडा झाला नव्हता. वस्तीवर रात्री दगड पडतात, पाण्यावरून डोकी फुटतात, घोड्यावर बसला म्हणून नवरदेवाला खाली ओढतात. आमच्या पोरांना हिंसा बघायला पडदा कधी लागला?

तेव्हा मित्रहो, आपला प्रश्न वेगळा आहे. पडद्यावर रक्त किती सांडलं ह्याचा हिशेब सेन्सॉरवाल्यांनी करावा. आपण एवढंच विचारायचं: अंग कुणाचं फुटतंय, कॅमेरा कुणाच्या हातात आहे, आणि तिकिटाचा पैसा कुणाच्या खिशात चाललाय?

हा खेळ काय सिनेमानं आणलेला नाही. आपल्याकडे तो फार जुना आहे. पोतराज आठवा. वाढवलेले केस, कपाळाला मळवट, कमरेला चिंध्यांचा घागरा, हातात आसूड. बायको डोक्यावर मरीआई घेऊन ढोलकं वाजवते आणि हा दारोदार जाऊन आसूड स्वतःच्या उघड्या अंगावर ओढतो. आवाज कडाडला की पोरं टाळ्या पिटतात, घरातून सूप बाहेर येतं. मातंगाच्या अंगावर वळ उठल्याशिवाय गावाच्या सुपातून दाणा पडत नव्हता. ह्याला त्यांनी धर्म म्हटलं, पुढं लोककला म्हटलं, अभ्यासाचा विषय केला. आम्ही काय म्हणायचं? माणूस स्वतःला मारून घेतो आणि दुसरा ते बघून पसाभर जोंधळे टाकतो, ह्याचं सरळ नाव करमणूक. त्यात मारणाराही आमचाच ठेवला, म्हणजे पाप कुणाच्याच माथी नको. आंबेडकरी चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी गावोगाव पोतराजांच्या जटा कापल्या, हातातले आसूड काढून घेतले, ते उगाच नाही.

गावची शिक्षासुद्धा ह्याच जातीची. चोरून दिली तर ती शिक्षाच नव्हे. ती चारचौघांत द्यायची. तोंडाला काळं, गळ्यात चपलांची माळ, गाढवावरून धिंड, अर्धी मिशी उतरवलेली. हे सगळं बघितलं जावं म्हणूनच रचलेलं असतं. घाव एकाच्या पाठीवर, धाक सगळ्या वस्तीला, करमणूक सगळ्या गावाची. कायद्यालाही हे ठाऊक आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात कपडे उतरवून धिंड काढणं हा गुन्हा पहिल्यापासून होता. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, तेव्हा डोकं भादरणं आणि मिशी उतरवणं हेही त्यात नाव घेऊन लिहावं लागलं. स्वतंत्र देशाच्या संसदेला माणसाच्या मिशीसाठी कलम करावं लागतं! ह्यावरून गावच्या चावडीसमोर काय काय खेळ होत असतील ते समजा.

खैरलांजी घ्या. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. तिथं काय काय केलं त्याचं वर्णन मी करणार नाही. असली वर्णनं चवीनं वाचणारे असतात, त्यांना माझ्याकडून खुराक मिळायचा नाही. एवढंच सांगतो, की हे भरल्या गावात झालं आणि मोठ्या वर्तमानपत्रांना त्याची दखल घ्यायला आठवडेच्या आठवडे लागले. २००८ साली कोर्टानं आठ जण दोषी धरले, पण अत्याचाराचा कायदा लावला नाही. म्हणजे गावाला जे दिसलं ते कोर्टाला दिसलं नाही. ह्या देशात जात बघायला बसते, पण साक्षीला उठत नाही.

आता सिनेमाकडे या. १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली. १९७३ साली ‘जंजीर’ आला, १९७५ साली ‘दीवार’ आणि ‘शोले’. दुष्काळ, महागाई, बेकारी ह्यांनी पोरांची टाळकी तापली होती आणि हे पुढाऱ्यांच्या आधी धंदेवाल्यांना कळलं. त्यांनी तो राग उचलला, त्याला उंच नायक दिला, खर्जातला आवाज दिला आणि नाव ठेवलं विजय. ‘जंजीर’मध्ये विजय खन्ना, ‘दीवार’मध्ये विजय वर्मा. गोदीतला हमाल, विटा वाहणाऱ्या आईचा पोरगा, आणि आडनाव वर्मा! गोदीत पाठीची साल निघेपर्यंत पोती वाहणारे खरे कोण होते ते मुंबईच्या जुन्या चाळींत जाऊन विचारा. कांबळे होते, जाधव होते, गायकवाड होते. राग आमचा घेतला, आडनाव तेवढं दारातच काढून ठेवायला लावलं. चपलेसारखं.

आणि त्याच वर्षांत खऱ्या रागाचं काय झालं? जानेवारी १९७४. वरळीला पँथरची सभा उधळली गेली, बी. डी. डी. चाळींत दंगल पेटली, पोलिसांच्या लाठ्या-गोळ्या चालल्या. १० जानेवारीला परळच्या मोर्च्यावर वरून दगड आला आणि भागवत जाधव गेला. पडद्यावर इन्स्पेक्टर विजयनं खुर्चीला लाथ मारली की पब्लिक शिट्ट्या फुंकत होतं. तेच पब्लिक घरी जाऊन वरळीच्या पोरांना गुंड म्हणत होतं. राग तोच. तिकीट काढून बघितला तर नायक, चाळीच्या दारात उभा राहिला तर गुंड. व्यवस्थेनं आपल्याला शिकवलेला हा पहिला धडा: रागाला हरकत नाही, फक्त तो अंधारात, खुर्चीत बसून, तीन तासांत संपवायचा.

‘शोले’चा शेवटही ह्या जोडीला आठवा. ठाकूर गब्बरला पायाखाली चिरडून मारतो असं चित्रित केलं होतं. आणीबाणीतल्या सेन्सॉरनं ते बदलायला लावलं. मग पोलीस येतात आणि ठाकुराला आवरतात. तीन तासांहून जास्त कापाकापी चालली ती चालली, पण शेवटी माणसानं पोलिसाला बाजूला सारून हिशेब चुकता केलेला सरकारला खपत नव्हता. तेव्हा सेन्सॉर रक्ताला भितो हा भ्रम काढून टाका. तो कुणी कुणाचा हिशेब केला ह्याला भितो. आणि ते रामगढ तरी कसलं गाव! ठाकुराची हवेली आहे, मशीद आहे, देऊळ आहे. महारवाडा कुठाय? गाव दाखवायचं आणि गावाचा तो भागच गाळायचा, हीसुद्धा एक कत्तलच. तिला रक्त लागत नाही एवढंच.

आज तो गोदीतला हमालही उरलेला नाही. २०२३ साली ‘अ‍ॅनिमल’ आला. नायक पोलाद कारखान्याच्या मालकाचा मुलगा. बापाच्या प्रेमापायी तो शेकड्यांनी माणसं कापतो आणि हॉल टाळ्या वाजवतो. पन्नास वर्षांत प्रवास बघा: हमालाच्या नावानं सुरू झालेला राग मालकाच्या पोराकडं वारसाहक्कानं गेला. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव मेलं. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागेवर मॉल आहे, सिनेमागृहं आहेत. ज्या जागी आमच्या बापांनी साचे चालवले तिथं आता गारव्यात बसून, पॉपकॉर्न खात, मालकाच्या पोराचा संताप बघायचा. तिकिटाचे पैसे देऊन.

हे झालं रागाचं. जखमेचं काय? जखमेलाही बाजार आहे. १९९४ चा ‘बँडिट क्वीन’. फूलनदेवी मल्लाहाची पोर. तिच्यावर ठाकुरांनी जे केलं ते पडद्यावर सविस्तर मांडलं. ती जिवंत होती, आणि माझी बेअब्रू अशी दाखवू नका म्हणून कोर्टात गेली होती. पुढं तडजोड झाली. दुसऱ्या कुणाच्या अर्जावरून प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९९६ साली कोर्टानं प्रदर्शनाला मोकळीक दिली. ही दृश्यं बघून वासना चाळवत नाही, शिसारी येते, चीड येते, असा त्या निकालाचा आशय. दिग्दर्शकाचा हेतू वाईट होता असं मीही म्हणत नाही. पण कोर्टानं विचार केला तो बघणाऱ्याच्या मनाचा. त्याला काय वाटेल, तो चाळवेल की चिडेल. जिच्या अंगावर ते घडलं तिला काय वाटतं, हा प्रश्न निकालाच्या गाभ्यात नव्हता. इथंसुद्धा बघ्याच मोठा!

आता मोबाईल. आधी गावाला धिंड बघायला घराबाहेर पडावं लागत होतं. आता धिंडच खिशात येते. ११ जुलै २०१६. गुजरातेत उनाजवळ मोटा समढियाळा गावची माणसं मेलेल्या गाईचं कातडं काढत होती. त्यांना धरलं, त्यातल्या चार तरुणांना उघडं करून गाडीला बांधलं, उना गावात दिवसाढवळ्या मारत फिरवलं. आणि ह्याची चित्रफीत कुणी केली, कुणी पसरवली? मारणाऱ्यांनीच. हे नीट ध्यानात घ्या. पूर्वीचा गुन्हेगार पुरावा लपवायचा, हा पुरावा स्वतःच वाटत सुटला. कारण त्याच्या लेखी तो पुरावा नव्हताच, ती जाहिरात होती. कायदा आपल्या अंगाला लागत नाही ही खात्री असल्याशिवाय कुणी स्वतःच्या गुन्ह्याचा सिनेमा काढत नाही.

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, पोटासाठी भिक्षा मागत फिरणारी. मुलं पळवणारी टोळी आलीय अशी अफवा मोबाईलवरून फिरत होती. बाजाराचा दिवस. त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. तिथंही मोबाईल वर धरलेले होते. त्या वर्षी देशभर अशा अफवांनी माणसं मारली. एक चित्रफीत फार फिरली, मोटरसायकलवरून पोर उचलून नेतानाची. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेची, मुलांना जपा असं सांगणारी जाहिरात होती. शेवटचा खुलाशाचा भाग कापला आणि बाकीचं पेटवायला वापरलं. मग जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपनं भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पाच माणसं मेली आणि मर्यादाही पाचाची! भटक्याच्या जिवाची किंमत कंपनीच्या हिशेबात अशी बसते.

म्हणजे मग कॅमेराच फोडून टाकायचा काय? नाही. इथंच आपल्या पोरांनी डोकं शांत ठेवून विचार करायला पाहिजे. कारण तोच कॅमेरा उलटाही फिरतो. मणिपूरचं बघा. ४ मे २०२३ ला कुकी बायांची नग्न धिंड काढली. तक्रार नोंदली गेली ती त्याच महिन्यात. पण पहिली अटक झाली जुलैच्या २० तारखेला, चित्रफीत देशभर पसरल्यावर. अडीच महिने राज्य झोपलं होतं. कागदावरची तक्रार त्याला ऐकू आली नाही.

हा कॅमेरा कसा उलटतो ते आपल्या आधी अमेरिकेतल्या काळ्यांनी करून दाखवलंय. ज्यांच्या ब्लॅक पँथरवरून आपण नाव घेतलं, त्यांच्या आजे-पणज्यांची ही गोष्ट. तिथं दक्षिणेत काळ्या माणसाला झाडाला टांगायचे, जाळायचे, ते जत्रेसारखं. बायकापोरं घेऊन गोरे यायचे. फोटोग्राफर फोटो काढायचा आणि त्याची पोस्टकार्डं विकायचा. पाव्हण्यारावळ्यांना खुशाली कळवायला! १५ मे १९१६ ला टेक्सासमधल्या वेको शहरात जेसी वॉशिंग्टन नावाच्या सतरा वर्षांच्या पोराला हजारोंच्या गर्दीसमोर जाळलं. त्याचीही पोस्टकार्डं निघाली. पण त्या जुलैमध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस ह्यांनी तेच फोटो आपल्या ‘क्रायसिस’ मासिकात छापले. फोटो तेच, कागद बदलला. गोऱ्याच्या खिशातली आठवणवस्तू काळ्यांच्या मासिकात आरोपपत्र झाली. ह्याच डुबॉईसना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिलं होतं. दोन समाजांचं दुखणं एकमेकांना ओळखत होतं.

१९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला मारून नदीत टाकलं. ओळखू येऊ नये असा चेहरा झाला होता. त्याच्या आईनं, मेमी टिलनं, शवपेटी उघडी ठेवली. माझ्या पोराचं काय केलंय ते जगाला बघू दे, असं तिनं ठरवलं. ‘जेट’ ह्या काळ्यांच्या साप्ताहिकानं फोटो छापला. मारेकरी गोऱ्या पंचांनी सोडून दिले, पण त्या फोटोनं एक पिढी उठवली. २०२० साली मिनिआपोलिसला पोलिसानं जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा रोवला. सतरा वर्षांची एक पोरगी मोबाईल धरून तिथून हलली नाही. २०२१ मध्ये त्या पोलिसाला खुनाची शिक्षा झाली.

फूलनदेवी आणि मेमी टिल ह्या दोन बाया शेजारी उभ्या करा. एकीच्या जखमा तिची हरकत असताना पडद्यावर लावल्या. दुसरीनं आपल्या लेकराची जखम स्वतःच्या हातानं उघडी केली. दोन्हीकडं भयंकर तेच दिसतं. फरक हुकमाचा आहे. ज्याचं अंग त्याचा हुकूम. तो हुकूम नसेल तर तुमचा हेतू कितीही पवित्र असो, तुम्ही दुसऱ्यांदा धिंड काढता.

उन्यातही आपल्या लोकांनी हेच केलं. मारणाऱ्यांनी धाक म्हणून सोडलेली चित्रफीत चळवळीनं हातात घेतली. सुरेंद्रनगरला मेलेली जनावरं कलेक्टरच्या कचेरीसमोर आणून टाकली. तुमची आई आहे ना, उचला आता! अहमदाबादेहून उन्यापर्यंत मोर्चा निघाला, १५ ऑगस्ट २०१६ ला तिथं पोचला. ज्या कुटुंबाला मारलं त्यानं २०१८ साली बुद्धाचा धम्म घेतला. मार खाल्लेला माणूस पडद्यावरून उठून चालायला लागला की बघ्यांचा खेळ मोडतो.

सिनेमातही हे करणारे निघाले. नागराज मंजुळेचा ‘फँड्री’ २०१४ साली थेटरात आला. जब्याचं कैकाडी कुटुंब डुक्कर धरायला धावतंय आणि सगळं गाव काठावर बसून मॅच बघावी तसं खिदळतंय. शेवटी जब्या दगड उचलतो आणि मारतो तो सरळ कॅमेऱ्याच्या दिशेनं. म्हणजे तिकीट काढून बसलेल्या बघ्याच्या तोंडावर! ‘सैराट’नं २०१६ मध्ये त्याच पब्लिकला ‘झिंगाट’वर नाचवलं आणि शेवटी खून दाखवलाच नाही. आवाज बंद. रक्तात भरलेली बाळाची पावलं तेवढी चालत बाहेर आली. हॉलमध्ये शिट्टी मारायला कुणाचा जीव धजला नाही. हिंसा दाखवावी की न दाखवावी ह्यावर काथ्याकूट करणाऱ्यांनी हे दोन शेवट बघावेत. मारणाऱ्याच्या खांद्यावर कॅमेरा ठेवला की करमणूक होते. मार खाणाऱ्याच्या बाजूला आणला की बघ्याला पळायला जागा उरत नाही.

आता थोडं घरचं बोलू. कडू लागेल, पण दुसऱ्याच्या अंगणातली घाण दाखवून आपलं झाडायचं राहतं. पुण्यात, मुंबईत, औद्योगिक पट्ट्यांतल्या आपल्या वस्त्यांत पोरं हातात कोयता घेऊन रील करतात. मागं भाईचं गाणं, चाल हळू केलेली, डोळ्यांत नको तो माज. हजार जणांनी बदाम दिला की पोरगा हवेत. कोयता म्हणजे काय हे ह्या पोरांना कुणी सांगितलंय? मराठवाड्यातून ऊसतोडीला निघालेल्या नवरा-बायकोच्या जोडीला मुकादम एक कोयता म्हणतो. दोन माणसं मिळून एक कोयता. त्यावर उचल ठरते, त्यावर हंगामभर हाडं झिजतात. तुझ्या आजा-आजीला माणूस न म्हणता ज्या हत्याराच्या नावानं मोजलं, ते हत्यार तू नाचवतोस, आणि कुणावर? शेजारच्या गल्लीतल्या कांबळ्याच्या पोरावर, वडाराच्या पोरावर, मुसलमानाच्या पोरावर. मालकाच्या बंगल्यावर एकही कोयता चालून गेल्याचं ऐकिवात नाही.

आणि पुढं काय होतं? रीलचे बदाम कंपनीच्या तिजोरीत जातात. तीच रील पोलिसाच्या फायलीत जाते. मग तडीपारी, मोक्का. सोळा ते अठरा वयाच्या पोरावर गंभीर गुन्हा असला तर २०१५ च्या कायद्यानं मोठ्या माणसासारखा खटला चालू शकतो. मालकाच्या पोराचा संताप मॉलमध्ये गल्ला भरतो, आणि त्याची नक्कल करणारा आपला पोरगा येरवड्यात बराक भरतो. आई कोर्टाच्या पायऱ्यांवर डबा घेऊन बसते. तिची रील कुणी काढत नाही. आपला राग आधी चोरला, मग रंगवून आपल्यालाच विकला, आणि आता त्याच मालापायी आपल्यालाच आत टाकतात. च्यायला, ह्याच्याइतकी सफाईदार लूट सावकारानंही केली नसेल.

दुसरी गोष्ट, अत्याचाराची चित्रफीत आली की आपलीच पोरं ती धडाधड पुढं ढकलतात. वर जळजळीत चार शब्द लिहिले की क्रांती झाली. अरे, त्या पोरीला आई आहे. ती चित्रफीत त्या आईच्या मोबाईलवरही जाते. आणि ज्यांना चव घेत बघायचंय त्यांच्यापर्यंत आपण फुकटात पोचवतो. मारणाऱ्यानं जाहिरात केली, तिचं वाटप आपण करायचं?

तर करायचं काय? बंदी मागायची नाही. सेन्सॉरची कात्री मागितली की ती पहिल्यांदा आपल्याच कवितेवर, आपल्याच सिनेमावर चालते. त्यापेक्षा वस्तीत चार गोष्टी लागू करा. चित्रफीत हाती आली तर ज्या मोबाईलवर ती काढली गेली तो मोबाईल आणि ती मूळ फाईल जपा. निरोपांतून फिरून आलेल्या फायलीचा कस जातो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे मोबाईलमधल्या पुराव्याला दाखला लागतो, आणि त्यात फाईलचा हॅश, म्हणजे तिचा आकडे-अक्षरांतला अंगठा, द्यावा लागतो. वकिलाला भेटा, तो दाखला करून घ्या. बाईवरच्या अत्याचारात तिची ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, चांगल्या हेतूनं केलं म्हणून सुटका नाही. आणि घरच्यांना विचारल्याशिवाय एक चेहराही पुढं जाता कामा नये. ज्याचं अंग त्याचा हुकूम.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५ अ मध्ये लिहिलंय की ह्या कायद्याखालच्या सगळ्या कामकाजाचं चित्रीकरण झालं पाहिजे. म्हणजे कायद्याला कॅमेरा हवाय तो कोर्टात. साक्षीदार फुटतो कसा, वकील बाईला काय विचारतो, न्यायाधीश काय ऐकून घेतो, हे टिपायला. मार खाताना आमच्यासमोर पन्नास कॅमेरे असतात. न्याय मागताना एक तरी असतो का? आपल्या जिल्ह्यात चालू असलेल्या खटल्याला जा. कॅमेरा कुठाय, विचारा. नसेल तर अर्ज द्या. दर तारखेला पाच-दहा पोरं कोर्टात जाऊन बसा, हातात वही घ्या, लिहा. अत्याचार बघायला गाव जमतं ना? मग खटला बघायला वस्ती जमू द्या. मारणाऱ्याला पहिल्यांदाच कळेल, आपल्याकडं बघितलं जातंय म्हणजे काय होतं ते.

बघ्यांचा हा देश आपण एका दिवसात बदलणार नाही. पण आपल्यातला एकेक बघ्या साक्षीदार होऊ शकतो. दोघांनाही डोळे सारखेच असतात. एक बघून घरी जातो. दुसरा नाव सांगतो, तारीख सांगतो, आणि उलटतपासणीत हलत नाही.